पासपोर्ट राणीचा, नंबर मात्र रांगेत

"रांगेत या" हे सांगणं फार सोपं असतं. परदेशात राहायला जाणाऱ्यांचा विषय निघाला की कुणीतरी हे वाक्य टाकतंच. कायदेशीर अर्ज करा, नंबर येईपर्यंत थांबा, मग या, कोण नाही म्हणतंय? मागे मी व्हिसाच्या नियमांवर एक बातमी केली, तेव्हा दोघातिघांनी फोन करून मला हेच ऐकवलं. आमच्या तालुक्यात आता "पोरीचं जमलं का?" इतक्याच सहज "पोराचं पीआर झालं का?" असं विचारतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी. प्रत्येक आळीत एक तरी घर कुठल्यातरी देशाच्या उत्तराची वाट बघतंय.

म्हणून आज एका रांगेचा इतिहास सांगतो. थोडं लांबेल, पण सवडीनं वाचा.

ही रांग १९६८ साली लंडनमध्ये ठरली, नैरोबीत लागली आणि तिचं शेपूट आपल्या मुंबईपर्यंत आलं. चौतीस वर्षं ती चालली. गंमत बघा, या रांगेत उभं राहून ज्या देशात राहायची परवानगी माणसं मागत होती, त्याच देशाचा पासपोर्ट त्यांच्या हातात होता.

मुळापासून सांगायचं तर रेल्वेपासून सुरुवात करावी लागेल. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यातले जवळपास अडीच हजार तिथेच मेले. बरेचसे करार संपल्यावर परत आले, काही हजार राहिले. त्यांच्या मागोमाग गुजराती व्यापारी गेले. रेल्वेच्या प्रत्येक ठेसनापाशी एक दुकान निघालं. तिथल्या स्वाहिली भाषेत दुकानाला आजही 'डुका' म्हणतात, आणि दुकानदार तो 'डुकावाला'. सरकारी कचेऱ्यांत कारकून म्हणून गोवेकर गेले, शिंपीकाम आणि खानसाम्याचं कामही त्यांनी केलं. मराठी माणूस या गर्दीत तसा मोजकाच. पण मुंबईचा संबंध जुना. 'करंजा' आणि 'कंपाला' ही बोटींची नावं मुंबईतल्या जुन्या माणसांना आठवत असतील, त्या मुंबईहून पूर्व आफ्रिकेला जायच्या.

इंग्रजांनी तिथं तीन मजली घर बांधलं होतं. वरच्या मजल्यावर गोरे, मधल्या मजल्यावर आपले लोक, तळाला त्या जमिनीचे खरे मालक. केनियातल्या उंचावरच्या सुपीक पट्ट्यात शेती करायची मुभा फक्त गोऱ्यांना, म्हणून आपल्या लोकांनी व्यापार धरला. तळमजल्यावरच्या माणसाचा रोजचा संबंध यायचा तो डुकावाल्याशी. उधारी त्याच्याकडे, भाव तो ठरवणार. मग राग कुणावर साचणार? आपल्यातल्या कित्येकांनी आफ्रिकी माणसाला बरोबरीनं वागवलं नाही, हेही इथंच सांगून टाकतो. सगळे बिचारे होते असा गळा काढून ही गोष्ट सांगता येणार नाही.

१२ डिसेंबर १९६३ ला केनिया स्वतंत्र झाला. तिथं तेव्हा पावणेदोन लाखांच्या वर आशियाई होते. ज्यांचा स्वतःचा आणि आईवडिलांपैकी एकाचा जन्म केनियातला, ते आपोआप केनियाचे नागरिक झाले. बाकीच्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. अर्ज करा, केनियाचे व्हा. नाहीतर ब्रिटिश नागरिकत्व ठेवा, जे १९४८ च्या कायद्यानं वसाहतींतल्या लोकांना मिळालेलंच होतं. नेहरूंनी तिथल्या भारतीयांना आधीपासून बजावलं होतं की ज्या देशात राहता त्याचे होऊन राहा. बऱ्याच जणांनी ऐकलं नाही. काहींनी अर्ज केले ते कचेरीत पडून राहिले. काही घरांनी तर एका भावाचा पासपोर्ट केनियाचा, दुसऱ्याचा ब्रिटिश अशी विभागणी केली, म्हणजे वारा कुठूनही सुटला तरी एक खांब उभा राहील. याला धूर्तपणा म्हणणारे म्हणोत. दोन एकर जमीन तिघांच्या नावावर करणाऱ्या आपल्या गावात कुणी याला नावं ठेवू नयेत असं मला वाटतं.

एक लाखाहून जास्त लोकांकडे ब्रिटिश पासपोर्ट राहिला. आता इथं कायद्याची एक बारीक खुंटी आहे, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिलाच टांगलंय.

ब्रिटननं १९६२ मध्ये राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर पहिल्यांदा निर्बंध घातले. पण ज्याचा पासपोर्ट लंडनच्या सरकारनं दिलेला आहे, त्याला ते लागू नव्हते. वसाहतीच्या सरकारनं दिलेला असेल तर लागू. केनिया वसाहत होती तोवर पासपोर्ट वसाहतीचं सरकार द्यायचं. स्वातंत्र्यानंतर ते सरकारच उरलं नाही. मग पासपोर्ट द्यायला लागलं ब्रिटनचं हाय कमिशन, म्हणजे थेट लंडनचं सरकार. त्यामुळे केनिया स्वतंत्र होताच तिथला आपला कापडवाला कायद्यानं लंडनमधल्या इंग्रजाच्या बरोबरीला आला. विमानाचं तिकीट काढलं की कुणालाही न विचारता जाऊन राहायचा हक्क.

१९६७ मध्ये केनियानं दोन कायदे केले. नागरिक नसलेल्यांना नोकरीसाठी परमिट लागेल, आणि धंद्यासाठी ठरावीक भागात, ठरावीक मालापुरताच परवाना मिळेल. परमिट संपलं की नोकरी गेली. लोकांनी लंडनची तिकिटं काढायला सुरुवात केली. तिकडे वर्तमानपत्रांत विमानतळावरच्या पगडीवाल्यांचे, साडीवाल्यांचे फोटो झळकायला लागले. डंकन सँडिस यांच्यासारखे खासदार दार लावा म्हणून मोहीम चालवत होते. हेच सँडिस केनियाच्या स्वातंत्र्याच्या वेळी वसाहतमंत्री होते. दार लागायच्या आत पोचावं म्हणून माणसं आणखी घाईनं निघाली आणि ती घाई बघून दार लावण्याची घाई झाली. ही गोष्ट आपल्या बाजारात साखरेच्या टंचाईची अफवा उठल्यावर जशी होते, तशीच.

सरकार मजूर पक्षाचं होतं. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन, गृहमंत्री जेम्स कॅलहन. २७ फेब्रुवारी १९६८ ला विधेयकावर संसदेत चर्चा सुरू झाली आणि १ मार्चला राणीची सही होऊन कायदा झाला. तीन दिवस! आपल्याकडे नगरपालिकेत गटाराचा ठराव व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

कायद्यात रंगाचा उल्लेख कुठंही नव्हता. एवढंच म्हटलं होतं की ब्रिटिश नागरिकाला विनाअट यायचं असेल, तर तो स्वतः किंवा त्याचे आईवडील अथवा आजी-आजोबा यांपैकी कुणीतरी ब्रिटनमध्ये जन्मलेलं, दत्तक गेलेलं किंवा तिथं नागरिकत्वाची नोंद झालेलं हवं. केनियातल्या गोऱ्या मळेवाल्याचा आजा यॉर्कशायरचा, तो सुटला. आपल्या माणसाचा आजा जामनगरचा नाहीतर जालंधरचा, तो अडकला. पासपोर्ट दोघांचा एकच. शब्द स्वच्छ आणि परिणाम नेमका हवा तो, अशी मसुदा लिहिण्याची ही विद्या जगात सगळीकडे जपली जाते.

तीस वर्षांनी मंत्रिमंडळाची कागदपत्रं खुली झाली, तेव्हा कळलं की राष्ट्रकुल खात्याचे मंत्री जॉर्ज थॉमसन यांनी आतून विरोध केला होता. हा भेद रंगावरून होतोय आणि आपण आपल्याच नागरिकांना वाऱ्यावर सोडतोय, असा त्यांचा सूर होता. म्हणजे कळत नव्हतं असं नाही. विरोधी बाकावरून हुजूर पक्षाच्या इयन मॅक्लाउड यांनी पक्षातल्या बहुतेकांपासून वेगळं होऊन विरोधात मत दिलं. ते स्वतः एकेकाळी वसाहतमंत्री होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: आपण या लोकांना शब्द दिलाय.

इथं एक तारीख डोक्यात ठेवा. ब्रिटनच्या माजी गृहमंत्री सुएला ब्रॅव्हरमन यांचे वडील मूळ गोव्याच्या घराण्यातले, केनियातले. ते १९६८ च्या फेब्रुवारीत लंडनला उतरले, हे त्यांच्या मुलीनं जाहीर भाषणात सांगितलंय. महिना बघा. दार लागण्याआधी ते आत आले. तिकीट दोनचार आठवड्यांनी पुढं गेलं असतं तर त्या घराची पुढची गोष्ट काय झाली असती, याचा विचार मी बरेचदा करतो. या बाईंनी पुढे गृहमंत्री म्हणून आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायच्या योजनेचा हिरिरीनं पुरस्कार केला. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

आता रांगेकडे येऊ.

दार पूर्ण बंद केलं असं सरकारला म्हणायचं नव्हतं. आपल्याच नागरिकाला येऊ नको म्हणणं जगात वाईट दिसतं. म्हणून विशेष व्हाउचर काढलं. वर्षाला १,५०० व्हाउचर, एका कुटुंबप्रमुखाला एक, त्यावर बायकामुलं येणार. अर्ज करा, नंबर लागला की या. एक लाखाहून जास्त माणसं आणि वर्षाला दीड हजार घरं. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की आकडा मिळाला की त्याच्यामागचा माणूस शोधा. मी त्यात एक भर घालेन, आकडा कुणी आणि कशावरून ठरवला तेही शोधा. दीड हजार हा आकडा केनियात किती जणांची नोकरी गेली, यावरून निघाला नव्हता. ब्रिटनमधला मतदार किती सहन करेल, या अंदाजातून तो आला होता. कायदा होऊन दोन महिने झाले नाहीत तोच, २० एप्रिलला बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल यांचं ते कुप्रसिद्ध भाषण झालं. म्हणजे दीड हजारानंही कुणाचं समाधान झालं नव्हतं.

रांगेतल्या माणसाची अवस्था बघा. केनिया म्हणतो, परमिट संपलं, नोकरी करू नको, दुकान चालवू नको. ब्रिटन म्हणतो, थांब, नंबर यायचाय. खायचं काय? काही जण नंबराची वाट न बघता विमानात बसले. लंडननं उतरू दिलं नाही, परत पाठवलं. नैरोबीनं घेतलं नाही. मग तिसऱ्या विमानतळावर, तिथून पुन्हा पहिल्या. इंग्रजी पेपरांनी त्यांना बॅडमिंटनच्या फुलाची उपमा दिली. हातात राणीचा शिक्का असलेला पासपोर्ट घेऊन माणसं विमानतळांच्या बाकांवर झोपत होती.

आणि भारत? आपणही त्याच वेळी केनियातून येणाऱ्या ब्रिटिश पासपोर्टधारकांना व्हिसा सक्तीचा केला. दिल्लीचा मुद्दा तर्काला धरून होता. ही माणसं ब्रिटनची नागरिक आहेत, जबाबदारी ब्रिटननं घ्यावी, आम्ही सहज आत घेतलं की लंडन हात झटकून मोकळं होईल. पटतं. पण नैरोबीत सामान बांधून बसलेल्या माणसाला तिसरंही दार लागलं, एवढंच कळलं. पुढे दोन्ही सरकारांत बोलणी झाली. या लोकांची जबाबदारी शेवटी आपली आहे हे ब्रिटननं मान्य केलं आणि मग भारतानं अनेकांना येऊ दिलं. अशी कितीतरी कुटुंबं मुंबईत, गुजरातेत येऊन राहिली. नंबर लागेपर्यंत थांबू, म्हणून.

प्रकरण युरोपच्या मानवी हक्क आयोगापुढे गेलं. डिसेंबर १९७३ मध्ये आयोगानं अहवाल दिला. वंशावरून अशी वागणूक देणं हे या अर्जदारांपैकी २५ जणांच्या बाबतीत मानहानीकारक वागणुकीत मोडतं, असा निष्कर्ष काढला. मोठा विजय, नाही का? तो अहवाल लोकांसमोर आला १९९४ मध्ये. वीस वर्षं गुप्त. आम्ही माहितीच्या अधिकारात एक कागद मिळायला सहा महिने लागले तर आरडाओरडा करतो.

मधल्या काळात युगांडा झालं. ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे म्हणून भरभर सांगतो. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. ज्यांच्याकडे युगांडाचं नागरिकत्व होतं त्यांचेही कागद तपासणीच्या खिडकीवर अवैध ठरवले गेले आणि ती माणसं कुठल्याच देशाची उरली नाहीत. बायकोकडे ब्रिटिश पासपोर्ट म्हणून ती लंडनला आणि नवरा बिनदेशाचा म्हणून ऑस्ट्रियाच्या छावणीत, अशी घरं फुटली. लेस्टर शहराच्या नगरपालिकेनं तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की कृपया आमच्या गावात येऊ नका. लोक तिथंच गेले, आणि आज लेस्टरची दिवाळी सगळ्या युरोपात नावाजली जाते.

पण मला या प्रकरणातलं वेगळंच काहीतरी नोंदवायचंय. ज्या ब्रिटनला १९६८ पासून वर्षाला दीड हजार कुटुंबांच्या वर जागा नव्हती, पुढे कोटा वाढवूनही जी तीन-साडेतीन हजारांवरच रेंगाळत होती, त्या ब्रिटननं १९७२ च्या शेवटच्या काही महिन्यांत युगांडातून २७,००० च्या वर माणसं घेतली. जुन्या लष्करी तळांवर उतरवली, गाद्या दिल्या, हळूहळू पांगवली. आकाश कोसळलं नाही. म्हणजे जागा होती. ती रांग जागेच्या अडचणीतून आलेलीच नव्हती. तरीही ती मोडली नाही. कोटा १९७५ मध्ये ५,००० झाला, आफ्रिकेतली गर्दी हळूहळू ओसरली, पण भारतात थांबलेल्यांचा नंबर काही लवकर लागेना. वर्षामागून वर्षं. भारतात आलात म्हणजे तुमच्या डोक्यावर छप्पर आहे, तुमची घाई कमी, असा हिशेब.

आता मुंबईची गोष्ट. हिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला घेतलं.

मुंबईत एका विवाहित महिलेनं या व्हाउचरसाठी अर्ज केला. ती ब्रिटिश पासपोर्टधारक, पण मुंबईतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला. कारण? व्हाउचर कुटुंबप्रमुखाला मिळतं आणि विवाहित स्त्री कुटुंबप्रमुख असूच शकत नाही. विधवा चालेल, अविवाहित चालेल, नवरा कायमचा अपंग असेल तर चालेल. धडधाकट नवरा असलेली बाई नाही चालणार. पासपोर्ट तिचा, हक्क तिचा, पण प्रमुख तो. आपल्याकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख केली आहे. तरी तलाठ्यापासून बँकेपर्यंत "मालकांना घेऊन या" हे वाक्य बायकांना आजही ऐकावं लागतं, त्यामुळे लंडनला फार हसण्याचं कारण नाही.

बाई गप्प बसली नाही. ब्रिटनमध्ये १९७५ पासून लिंगभेदाविरुद्ध कायदा होता, त्याच्या आधारे ती लढली आणि प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत गेलं. 'मुंबईचे प्रवेश परवाना अधिकारी' अशीच त्या खटल्यात प्रतिवादीची नोंद आहे, कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात. १९८३ मध्ये निकाल लागला. पाच न्यायाधीश, तीन विरुद्ध दोन. ती हरली. बहुमताचं म्हणणं असं की लिंगभेदाचा कायदा दुकान, बँक, हॉटेल अशा सेवा-सुविधांना लागू होतो. सरकार व्हाउचर देतं ती सेवा नव्हे, तो सरकारचा अधिकार. अधिकार वापरताना भेद झाला तर या कायद्यात त्याला औषध नाही.

त्याच १९८३ च्या १ जानेवारीपासून ब्रिटनचा नवा नागरिकत्व कायदा लागू झाला होता. रांगेतल्या या माणसांना त्यानं नवं नाव दिलं, 'ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन', म्हणजे समुद्रापारचे ब्रिटिश नागरिक. ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नसलेलं ब्रिटिश नागरिकत्व. हा शब्दप्रयोग ज्यानं शोधला त्याला मसुद्याचं एखादं पारितोषिक द्यायला हवं होतं.

व्हाउचर योजना मार्च २००२ मध्ये बंद झाली. रांगेत आता फारसं कुणी उरलं नाही, असं कारण दिलं गेलं. त्याच वर्षीच्या नव्या कायद्यानं अखेर या समुद्रापारच्या नागरिकांना पूर्ण ब्रिटिश नागरिक म्हणून नोंद करून घ्यायचा हक्क दिला आणि ३० एप्रिल २००३ पासून तो लागू झाला. १९६८ मध्ये नैरोबीत तिशीत असलेला माणूस तेव्हा पासष्टीचा झाला होता.

त्याला एक अट होती. अर्जदाराकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचं नागरिकत्व असता कामा नये. म्हणजे जो पस्तीस वर्षं काही न करता ताटकळत बसला, तो पात्र. आणि जो मधेच कधीतरी कंटाळून, पोरांच्या शाळेसाठी, दुकानाच्या परवान्यासाठी मुंबईत भारताचा नाहीतर नैरोबीत केनियाचा नागरिक झाला, त्याचं नाव त्या रांगेतून केव्हाच कमी झालेलं होतं.